वीर जवानांना मानवंदना आणि माजी सैनिकांचा सत्कार: सोसायटीत, चाळीत, मंडळात नीट कसा करायचा (टप्प्याटप्प्याने)

२६ जुलैचा कारगिल विजय दिवस, मग १५ ऑगस्ट, ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वज दिन, १६ डिसेंबरचा विजय दिवस, १४ जानेवारीचा माजी सैनिक दिन आणि २६ जानेवारी. म्हणजे पावसाळ्यापासून थंडीपर्यंत मुंबईत कुठल्या ना कुठल्या सोसायटीत नाहीतर मंडळात हा कार्यक्रम असतोच. मन सगळ्यांचं चांगलं असतं, त्यात शंका नाही. पण चुका दरवर्षी त्याच. वीरमातेला साडेपाचला आणून बसवतात आणि प्रमुख पाहुणे आठला येतात, फलकावर रेजिमेंटचं नाव चुकतं, फोटोला तिरंगा गुंडाळतात, दोन मिनिटांची स्तब्धता पंचवीस सेकंदात आटोपते. हे सगळं टाळता येतं आणि त्याला पैसे लागत नाहीत, फक्त तयारी वेळेवर आणि योग्य क्रमाने करावी लागते.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्यांच्यासाठी कार्यक्रम आहे त्यांना आधी विचारा, मग कार्यक्रम आखा. बहुतेक ठिकाणी हॉल, बॅनर, पाहुणे सगळं ठरल्यावर शेवटच्या आठवड्यात घरच्यांना फोन जातो, आणि पुढच्या निम्म्या चुका तिथेच सुरू होतात.

हातात निदान एक महिना ठेवा.

१) आधी ठरवा: श्रद्धांजली की सत्कार?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्रद्धांजली म्हणजे जो गेला त्याच्यासाठी, तिथे शांतता, फुलं, नाव, घरचे. सत्कार म्हणजे जे सेवा करून परत आले त्यांच्यासाठी, तिथे टाळ्या, गप्पा, चहा सगळं चालतं. एकाच संध्याकाळी दोन्ही करायचं असेल तर श्रद्धांजली आधी, मग दहा मिनिटं थांबा, पाणी-चहा होऊ द्या, आणि मग सत्कार. उलट क्रम लावलात तर हशा-टाळ्यांनंतर अचानक सगळ्यांना उभं राहून स्तब्ध व्हायला सांगावं लागतं, आणि घरच्यांना ते फार अवघड जातं.

दिवस निवडताना दिवसाचा अर्थ बघा. २६ जुलै कारगिलचा (१९९९), १६ डिसेंबर १९७१ च्या विजयाचा, ४ डिसेंबर नौदल दिन, तोही १९७१ चाच, कराचीवरच्या हल्ल्याची आठवण. नौदलातून निवृत्त झालेले काका तुमच्या बिल्डिंगमध्ये असतील (कुलाब्यापासून मानखुर्द-घाटकोपरपर्यंत मुंबईत नौदलवाले बरेच) तर त्यांना ४ डिसेंबर जास्त जवळचा वाटेल. ९ डिसेंबरही लक्षात ठेवा, १९७१ ला त्या दिवशी नौदलाची युद्धनौका आयएनएस खुकरी बुडाली आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. पोलिसांसाठी वेगळा दिवस आहे, २१ ऑक्टोबर. २६/११ चे पोलीस आणि कारगिलचे जवान एकाच ओळीत, एकाच फलकावर घुसवू नका, दोघांनाही मान द्या पण ज्याचं त्याचं नाव नीट घेऊन.

जागेबद्दलही एक. हुतात्मा चौक हे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. तिथे जाऊन नमस्कार करायला कोणाची ना नाही, पण "कारगिलच्या जवानांना हुतात्मा चौकात मानवंदना" असं पत्रकात छापू नका.

तपासा: कार्यक्रम कोणासाठी आणि का, हे एका वाक्यात कमिटीतला प्रत्येक जण सारखंच सांगतोय का? नसेल तर अजून ठरलेलं नाही.

२) माणसं शोधा, माहिती पडताळा

आपल्याच बिल्डिंगपासून सुरू करा. गेटवर नोटीस लावा, ग्रुपवर टाका, वॉचमनलाही विचारा, कारण मुंबईत सिक्युरिटीत काम करणारे कितीतरी जण स्वतः माजी सैनिक असतात आणि त्यांचा सत्कार करायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही. गेटवरचा सुरक्षारक्षक निवृत्त हवालदार असेल आणि तोच तुमच्या कार्यक्रमात खुर्च्या लावत असेल तर ते बरं नाही दिसत.

मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत, आपण कुठल्यात येतो ते बघून त्या कार्यालयाकडे जायचं. तिथले अधिकारी स्वतः फौजेतून आलेले असतात. कार्यक्रमाचं पत्र घेऊन जा, तारीख, जागा, कोण आयोजित करतंय, किती वेळ चालणार हे त्यात लिहा. ते लोकांचे फोन नंबर असेच हातात देणार नाहीत आणि देऊही नयेत, तुमचा निरोप घरच्यांपर्यंत पोचवा एवढीच विनंती करा.

नावांची खात्री व्हॉट्सॲपवरच्या पोस्टवरून करायची नाही. स्वातंत्र्यानंतर देशासाठी प्राण दिलेल्या लष्कर, नौदल आणि हवाई दलातल्यांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर कोरलेली आहेत (२५ फेब्रुवारी २०१९ ला त्याचं उद्घाटन झालं), त्याच्या वेबसाईटवर नाव शोधता येतं. शौर्य पदकांसाठी सरकारची वेगळी वेबसाईट आहे. आणि शेवटची खात्री घरच्यांकडून.

खबरदारी: सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ ही दलं गृह मंत्रालयाकडे येतात, लष्कर-नौदल-हवाई दल संरक्षण मंत्रालयाकडे. सीआरपीएफच्या जवानाला "भारतीय सेनेचा जवान" म्हटलं की घरच्यांना टोचतं, त्यांच्या मुलाने ज्या दलाचा गणवेश घातला त्याच दलाचं नाव घ्या.

३) घरी जाऊन आमंत्रण द्या

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त घाईत उरकला जाणारा. आधी फोन, मग भेट. फोनवर असं काहीतरी: "नमस्कार काकू, मी अमुक सोसायटीतून बोलतेय. २६ जुलैला आम्ही छोटा कार्यक्रम करतोय. तुम्हाला चालणार असेल तरच तुमच्या मुलाचं नाव घ्यायचं आहे. येऊन भेटले तर चालेल का? कुठल्या वेळी येऊ?" यातलं "चालणार असेल तरच" मनापासून म्हणा. काही घरं दरवर्षी चार-पाच मंडळांना हो म्हणून म्हणून थकलेली असतात, काहींना तो दिवस घरातच काढायचा असतो. नाही म्हणाले तर "बरं काकू" म्हणून फोन ठेवा. त्यांना न विचारता मुलाचा फोटो बॅनरवर लावणं तर अजिबात नाही.

भेटीला दोनच जणांनी जा, त्यातली एक बाई असावी. दहा जणांचं शिष्टमंडळ घेऊन वन रूम किचनमध्ये घुसू नका. फोटो काढू नका. वही न्या आणि हे विचारा:

नाव पूर्ण कसं लिहायचं, घरचे काय हाक मारायचे (ती हाक स्टेजवर वापरायची नाही, आपल्याला माहीत असावी म्हणून). हुद्दा, युनिट, पदक. कुठला फोटो लावायचा. कोण कोण येणार, गाडी लागेल का, जिने चढता येतात का. त्यांना बोलायचंय का, आणि नसेल तर त्यांच्याबद्दल काय सांगितलेलं चालेल, काय नको. फोटो-व्हिडिओ फेसबुकवर टाकलेले चालतील का.

आता एक नाजूक गोष्ट. आई-वडील आणि पत्नी एकाच घरात राहत असतीलच असं नाही. आई-वडील साताऱ्याला, सांगलीला गावी, वीरपत्नी मुलांना घेऊन बदलापूरला किंवा विरारला, कधी त्यांच्यात बोलणं नसतं, कधी तिने पुन्हा लग्न केलेलं असतं आणि त्यात गैर काहीच नाही. म्हणून दोन्हीकडे वेगवेगळं आमंत्रण द्या, सन्मान कोणाला द्यायचा ते तुम्ही ठरवू नका, दोघांनाही सारखाच द्या. बसायची जागा कशी हवी ते दोघांनाही वेगवेगळं, हळूच विचारून घ्या. एकाला स्टेजवर आणि दुसऱ्याला तिसऱ्या रांगेत असं झालं तर त्यांच्या घरातलं दुखणं तुम्ही चारचौघांत उघडं केलंत.

आणि हळदीकुंकवाचं. हे मी मुद्दाम लिहितेय कारण अजूनही घडतं. स्वागताला दारात दोन मुली तबक घेऊन उभ्या असतात, येणाऱ्या प्रत्येक बाईला कुंकू, अत्तर, गुलाब, आणि वीरपत्नी समोर आली की तबकातलं बोट थांबतं, मुलगी गोंधळून मागे आईकडे बघते, आई डोळ्यानेच नको म्हणते, आणि तिला नुसतं गुलाब दिलं जातं. ज्या बाईच्या सन्मानासाठी अख्खा हॉल भरलाय तिचाच दारात अपमान. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, मुंबईत आपण त्याच्या मागे राहायचं कारण नाही. भेटीला गेलात तेव्हाच ताईंना साधेपणाने विचारा, "ताई, कुंकू लावलं, ओटी भरली तर आवडेल ना?" हो म्हणाल्या तर दारातल्या मुलींना नीट समजावून ठेवा, दीपप्रज्वलनही त्यांच्याच हस्ते करा. नको म्हणाल्या तर दारात कोणालाच कुंकू नाही, सगळ्यांना फक्त फूल. कोणाला वेगळं पाडायचं नाही, एवढंच.

सेवेत असलेल्या जवानाला बोलवायचं असेल तर त्याला युनिटची परवानगी लागते, त्याच्या मागे लागू नका. आणि त्याचं पोस्टिंग कुठे आहे हे ना माईकवर, ना ग्रुपवर.

तपासा: वही उघडा. प्रत्येक कुटुंबासमोर "होकार", "फोटो चालेल", "बोलणार/नाही", "गाडी" हे चारही रकाने भरलेत का?

४) नाव, हुद्दा, फोटो

बॅनरवाल्याकडे जायच्या आधी मजकूर घरच्यांना दाखवून मंजूर करून घ्या. चुका इथे ठरलेल्या.

निवृत्त सैनिकाचा हुद्दा निवृत्त होत नाही, माणूस निवृत्त होतो. म्हणून "सुभेदार अमुक तमुक (निवृत्त)" असं लिहायचं, "निवृत्त सुभेदार" किंवा "माजी कर्नल" नाही. बोलवताना "सुभेदार साहेब" म्हणा, फौजेत त्यांना साहेबच म्हणतात. सन्मानाने मिळालेला हुद्दा असेल तर "मानद कॅप्टन" हे पूर्ण लिहा, मानद गाळू नका आणि त्यांना कमीही लेखू नका, तो सहजासहजी मिळत नाही.

रेजिमेंटचं नाव "मराठा लाईट इन्फंट्री". मराठा रेजिमेंट, मराठा बटालियन, मराठा पलटण असं फलकावर नको. नौदलात नायक-हवालदार नसतात, पेटी ऑफिसर असतात, हवाई दलात कॉर्पोरल, सार्जंट, वॉरंट ऑफिसर. सगळ्यांना "मेजर साहेब" करून टाकायचं नाही.

पदकांमध्ये युद्धकाळातली परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, आणि एरवीच्या शौर्याची अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र. सेना मेडल हे वेगळं पदक आहे, सेवेत मिळणारी बाकीची मेडल्स म्हणजे सेना मेडल नव्हेत. गेल्यानंतर मिळालं असेल तर "मरणोत्तर" लिहा.

फोटोचं सांगते. हल्ली जुना धूसर फोटो कोणीतरी एआयमध्ये टाकतं आणि झकपक रंगीत करून आणतं. बघायला छान वाटतं, पण नीट बघा: छातीवरच्या रिबनचे रंग बदललेले असतात, खांद्यावरचा बिल्ला भलत्याच कुठल्या देशाचा होतो, टोपीवरचं चिन्ह वितळल्यासारखं दिसतं, आणि चेहराही थोडा दुसऱ्याचाच. आईला तो पोरगा ओळखू येत नाही. घरच्यांनी दिलेला पासपोर्ट साईजचा फोटो जसा आहे तसा, फ्रेम चांगली करून लावा. सिनेमातले प्रसंग स्लाईड शोमध्ये घालणं तर नकोच नको.

बॅनरवर सगळ्यात मोठं नाव जवानाचं. कमिटी आणि पुढाऱ्यांचे फोटो नसले तरी चालतं, खरं तर नसलेलेच बरे. रस्त्यावर, खांबावर बॅनर लावायचा तर वॉर्ड ऑफिसची परवानगी हवी, नाहीतर जवानाचा फोटो दुसऱ्या दिवशी पालिकेच्या गाडीत पडलेला दिसेल.

५) जागा, परवानगी, पाऊस

२६ जुलैचा कार्यक्रम उघड्यावर ठेवू नका. २००५ ची २६ जुलै मुंबईत कोणाला सांगायला नको, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. तेवढा नाही पडला तरी जुलैत गच्चीवर मंडप टाकून वयस्कर माणसांना बसवणं बरोबर नाही. सोसायटीचं ऑफिस, शाळेचा हॉल, मंडळाची खोली, काहीही चालेल, तळमजल्यावर असेल तर उत्तम.

लाऊडस्पीकरसाठी जवळच्या पोलीस स्टेशनला अर्ज आधीच द्या, रात्री १० च्या आत संपवा, जवळ हॉस्पिटल किंवा शाळा असेल तर शांतता क्षेत्राचा नियम बघा. हॉलमध्ये पन्नास माणसं असतील तर साधा एक माईक पुरतो, भोंगे लावायची गरज नाही.

रविवार ठेवलात तर मेगाब्लॉक बघा. सेंट्रल, हार्बर, वेस्टर्न तिन्हीचं शनिवारी जाहीर होतं. टिटवाळ्याहून येणाऱ्या आजोबांना "लोकलने या" म्हणून सोडून देऊ नका, घरापासून घरापर्यंत गाडी करा, परतीचीही.

सजावटीत थर्माकोल नको, राज्यात बंदी आहेच. उलटी बंदूक आणि त्यावर हेल्मेट अशी प्रतिकृती करायची असेल तर लाकडाची, नीट, आणि तिच्यासमोर सेल्फी पॉइंट करू नका. कार्यकर्त्यांना फौजी चट्ट्यापट्ट्याचे कपडे घालायला लावू नका, तो गणवेश ज्यांनी कमावलाय त्यांच्यासमोर तर नाहीच.

६) तिरंगा

इथे अज्ञान फार, म्हणून नियम सरळ सांगते. भारतीय ध्वजसंहिता २००२ पासून लागू आहे.

फोटोला, टेबलाला, भाषणाच्या स्टँडला तिरंगा गुंडाळायचा नाही. ध्वज पांघरण्याचा मान शासकीय, लष्करी आणि निमलष्करी अंत्यविधीतच असतो. टेबलावर पांढरी चादर घाला, फोटोला फुलांचा हार घाला, बास.

स्टेजवर काठीला ध्वज असेल तर तो प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या वक्त्याच्या उजव्या हाताला. केशरी वर. फाटका, मळलेला, सुरकुतलेला ध्वज वापरू नका. ध्वजावर काही लिहू नका. मंडळाचा झेंडा तिरंग्याच्या वर किंवा बरोबरीने नको. ध्वज अर्ध्यावर उतरवणं हे सरकारच्या आदेशानेच होतं, आपण आपल्या मनाने करायचं नाही, दुःख कितीही असलं तरी. ध्वज फडकवताना आत फुलांच्या पाकळ्या ठेवलेल्या चालतात.

दारात तिरंग्याची रांगोळी काढू नका, लोक त्यावरूनच चालत जातात. मुलांच्या हातात प्लास्टिकचे झेंडे नकोत, कागदाचे द्या आणि संपल्यावर एक माणूस पिशवी घेऊन सगळे गोळा करेल असं आधीच ठरवा. हॉलच्या जिन्यावर पायाखाली आलेले झेंडे माजी सैनिक स्वतः वाकून उचलतात, ते बघवत नाही.

७) कार्यक्रमाचा क्रम

श्रद्धांजलीचा भाग चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत संपवा. क्रम असा ठेवा.

अ) घरच्यांना वेळेच्या दहा मिनिटं आधी आणा, त्याहून आधी नाही. पाहुणे उशिरा येणार असतील तर त्यांच्याशिवाय सुरू करा. नगरसेवक असोत की आमदार, ते येतील तेव्हा शेवटच्या रांगेत बसतील, आणि हे त्यांना आमंत्रण देतानाच नम्रपणे सांगून ठेवा. एकदा कमिटीने असं ठरवलं की पाहुणेही वेळेवर येतात, हा माझा अनुभव आहे.

आ) दीपप्रज्वलन, घरच्यांच्या हस्ते. समई पंख्याखाली ठेवू नका.

इ) नाव वाचन. हुद्दा, नाव, युनिट, गाव, कधी आणि कुठे वीरमरण आलं. प्रत्येक नावानंतर दोन श्वास थांबा. ज्याचा उच्चार स्वच्छ आहे त्यानेच वाचावं आणि आदल्या दिवशी मोठ्याने वाचून बघावं. पार्श्वसंगीत नको.

ई) पुष्पचक्र. आधी घरचे, मग माजी सैनिक, मग बाकीचे. पुष्पचक्र दोन्ही हातांनी ठेवायचं, दोन पावलं मागे यायचं, क्षणभर उभं राहायचं, मग वळायचं. आपण सगळ्यांनी सावधान उभं राहणं किंवा हात जोडणं पुरेसं आहे, सॅल्यूट गणवेशातल्यांचा. आणि एक, माजी सैनिकांना "बूट काढा" म्हणून सांगू नका. आपल्याकडे फोटोपुढे चप्पल काढायची सवय आहे, फौजेत पुष्पचक्र बूट घालूनच वाहतात, ज्याला जसं योग्य वाटेल तसं करू द्या.

उ) स्तब्धता, पूर्ण दोन मिनिटं. घड्याळ एकाच्याच हातात. सुरू करायच्या आधी मोबाईल बंद करायला सांगा, ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी बसून राहावं असंही सांगा. बिगुलाची धून हवी असेल तर आधी "लास्ट पोस्ट", मग स्तब्धता, मग "राऊझ". एनसीसीचं पथक मिळालं तर फारच छान, नाहीतर रेकॉर्डिंग चालतं, पण फाईल आधी डाऊनलोड करा. यूट्यूबवरून लावलं आणि मध्येच साबणाची जाहिरात सुरू झाली असं होता कामा नये. स्तब्धता संपल्याबरोबर कोणी घोषणा देऊ नये, निवेदकाने हळू आवाजात "धन्यवाद, खाली बसावं" म्हणावं.

ऊ) एकच भाषण, पाच मिनिटांचं, शक्यतो त्याच युनिटच्या किंवा फौजेतल्या माणसाचं. घरच्यांपैकी कोणाला बोलायचं असेल तर त्यांना वेळेचं बंधन नाही.

ए) राष्ट्रगीत, ५२ सेकंदांचं, सगळ्यांनी गाऊन. त्यानंतर टाळ्या नाहीत.

खबरदारी: निवेदकाला आधीच बजावा की रडवायचं नाही. "ती शवपेटी दारात आली तेव्हा त्या माऊलीला काय वाटलं असेल" असली वाक्यं त्या माऊलीसमोर बोलायची नाहीत. माईक पुढे करून "त्या दिवशी नेमकं काय झालं?" असं विचारायचं नाही. गाणं ठेवायचंच असेल तर आधी घरच्यांना कुठलं ते सांगा. फटाके आणि ते कागदाचे तुकडे उडवणारे पाइप अजिबात नकोत, अचानक झालेला आवाज लढून आलेल्या माणसाला फार त्रास देऊ शकतो.

मेडल्सबद्दल: माजी सैनिकांना आमंत्रणातच "पदकांसह यावे" लिहा, त्यांना बरं वाटतं. स्वतःची मेडल्स डाव्या बाजूला असतात. गेलेल्या जवानाची मेडल्स घरच्यांनी श्रद्धांजलीला लावायची तर उजव्या बाजूला. एखाद्या वीरमातेच्या उजवीकडे मेडल्स दिसली तर धावत जाऊन "काकू, चुकलंय" करू नका, तेच बरोबर आहे.

८) सत्काराचा भाग

चहा झाला की हा भाग मोकळा होऊ द्या. माजी सैनिकांना एका रांगेत उभं करून शाल, श्रीफळ, फोटो, पुढचा, असं करू नका. प्रत्येकाची दोन ओळींची ओळख, कुठे सेवा केली, किती वर्षं, आणि मग सत्कार कोणी करायचा तर बिल्डिंगमधल्या मुलांनी. काचेची जड ट्रॉफी देऊ नका, तीनशे स्क्वेअर फुटांत ती कपाटावर जाते. मुलांनी हाताने लिहिलेलं पत्र फ्रेम करून द्या, एखादं चांगलं पुस्तक द्या, उपयोगाची वस्तू द्या.

नंतर मुलांना त्यांच्याभोवती बसवा आणि प्रश्न विचारू द्या, पण प्रश्न आधी बघून घ्या. "तुम्ही किती जणांना मारलं?" हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. त्याऐवजी सियाचीनमध्ये जेवण कसं बनवायचे, बोटीवर झोपायची जागा केवढी, घरून पत्र किती दिवसांनी यायचं, असं विचारलं की सुभेदार साहेब खुलतात, तासभर बोलतात.

बायका विसरू नका. फौजेत नवरा असताना वीस-वीस वर्षं एकटीने मुलं वाढवलेल्या काकू तिथेच बसलेल्या असतात, पहिला गुच्छ त्यांना दिला तर काही बिघडत नाही.

९) पैसे आणि मदत

स्टेजवर पाकीट देऊ नका, मोठ्या पुठ्ठ्याचा चेक तर नाहीच. मदत करायची असेल तर घरी विचारून, थेट बँक खात्यात, गाजावाजा न करता.

जवानांच्या नावाने डबा फिरवून पैसे गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. त्यापेक्षा सरळ सशस्त्र सेना ध्वजदिन निधीला द्या, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पावती मिळते, आयकरात ८०जीची सवलतही. केंद्रीय निमलष्करी दलांच्या कुटुंबांसाठी "भारत के वीर" पोर्टल आहे. लष्कर, नौदल, हवाई दलाच्या युद्धात गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी "माँ भारती के सपूत" पोर्टल. दोन्ही सरकारी. ग्रुपवर फिरणाऱ्या क्यूआर कोडवर एक रुपयाही टाकू नका, टाकायच्या आधी सरकारी वेबसाईट स्वतः उघडून बघा.

आणि आभार मानायचेच असतील तर वर्षभर कागदपत्रांत मदत करा, खरी अडचण तिथे आहे. संरक्षण खात्याचं पेन्शन आता "स्पर्श" या ऑनलाईन यंत्रणेतून येतं, वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, बहुतेकांचा नोव्हेंबरमध्ये. नाही दिला की पेन्शन थांबतं. सत्तर-पंचाहत्तरीच्या आजींच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, मग त्या तीन-तीन वेळा रांगेत उभ्या. मोबाईलवर चेहरा दाखवूनही जीवन प्रमाण (ऑनलाईन हयातीचा दाखला) निघतं, हे बिल्डिंगमधल्या कॉलेजच्या मुलीला दहा मिनिटांत जमतं. ऑक्टोबरच्या शेवटी वहीतल्या प्रत्येक घरी फोन करा, "आजी, या वर्षीचा दाखला झाला का?"

ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) कार्डाचं, हॉस्पिटलच्या रेफरलचंही तसंच. विरारहून कुलाब्याच्या नौदलाच्या अश्विनी हॉस्पिटलला एकट्या माणसाने जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, सोबत कोणी गेलं तर औषधांची रांग आणि डॉक्टरची रांग दोघांत वाटता येते.

खबरदारी: मदत करताना पीपीओ (पेन्शनचा आदेश), आधार, बँक पासबुकचे फोटो आपल्या मोबाईलमध्ये ठेवू नका आणि ग्रुपवर तर टाकूच नका. ओटीपी त्यांनीच वाचायचा, त्यांनीच टाकायचा, आपण फक्त शेजारी बसायचं. काम झालं की लॉगआउट केलंय का ते बघा, पासवर्ड त्यांच्याच डायरीत त्यांच्याच हाताने लिहून घ्या, आणि पुढच्या वर्षीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात मांडून द्या.